क्लीन यूआरएल केले आणि ४०४ हरवला: या चुका टाळा

पडद्यावर ठळक अक्षरांत ‘पान सापडले नाही’ आणि सर्व्हर मात्र ब्राउझरला ४०४ (‘पान नाही’) हा स्टेटस आकडा न देता सांगतोय २००, म्हणजे सगळं आलबेल. क्लीन यूआरएल, म्हणजे प्रश्नचिन्हं आणि .php नसलेले सुटसुटीत पत्ते, सुरू केल्यावर होणारा हा नेहमीचा घोळ. डोळ्यांना तो दिसत नाही, म्हणून महिनोन्‌महिने तसाच राहतो.

अपाचे या वेब सर्व्हरच्या एचटीअ‍ॅक्सेस (.htaccess) या सेटिंग्जच्या फाइलमधला नेहमीचा नियम असा: मागितलेली फाइल किंवा फोल्डर डिस्कवर नसेल तर विनंती इंडेक्स डॉट पीएचपीकडे द्या. इंडेक्सची फाइल तर असतेच! त्यामुळे अपाचेच्या लेखी काहीच हरवलेलं नसतं आणि तुम्ही हौसेने लिहिलेल्या एररडॉक्युमेंटच्या (चूक झाल्यास कोणतं पान दाखवायचं ते सांगणाऱ्या) ओळीला कोणी विचारत नाही. ‘नाही’ म्हणायचं काम आता तुमच्या कोडचं. डेटाबेसमध्ये स्लग (पत्त्यातलं पानाचं नाव) मिळाला नाही की ४०४ स्टेटस द्या, तेही पानाचं पहिलं अक्षर छापण्याआधी. साइटचा वरचा भाग आधीच इन्क्लूड झाला असेल, तर स्टेटस आधीच रवाना झालेला असतो आणि ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ची बोंब ठरलेली. स्वतःच्या संगणकावर (लोकलवर) आउटपुट बफरिंग, म्हणजे छापलेलं लगेच न पाठवता साठवून ठेवणं, चालू असलं की हेच बिनबोभाट चालतं, म्हणून तपासणी लाइव्ह साइटवरच करा: साइटवर नसलेला काहीतरी पत्ता टाइप करा आणि डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये आकडा बघा.

न सापडलेलं प्रत्येक पान होमपेजवर ढकलणं ही तर माझ्या मते वाचकाची फसवणूकच. गूगलही अशा पानांना सॉफ्ट ४०४, म्हणजे ४०४ न सांगता हरवलेलं पान, समजतं. पान हलवलं असेल तर त्याच्या नेमक्या नव्या पत्त्यावर ३०१ (कायमचं पुनर्निर्देशन), कायमचं काढलं असेल तर ४१० (‘पान गेलं’).

हरवलेल्या चित्रांच्या विनंत्याही इंडेक्सकडे जातात आणि प्रत्येक वेळी डेटाबेस फुकट राबतो. चित्रं, सीएसएस यांची एक्स्टेन्शन्स त्या नियमातून वगळा.

उलटा प्रकारही होतो: पान आहे, तरी ४०४. पीएचपीच्या रिक्वेस्ट यूआरआयमध्ये (मागितलेला पत्ता ज्यात येतो त्या चलात) देवनागरी स्लग टक्क्यांच्या चिन्हांत गुंडाळलेला येतो, एकेका अक्षरचिन्हाचे नऊ-नऊ कॅरेक्टर. तो न उलगडता डेटाबेसमधल्या मराठी स्लगशी ताडला, तर जुळणार कसा? आधी पीएचपीच्या rawurldecode फंक्शनने तो उलगडा. त्याच्याही आधी प्रश्नचिन्हापासूनची शेपटी कापा, नाहीतर फेसबुकवरून आलेल्या दुव्याला एफबीसीएलआयडी (fbclid, फेसबुकचा माग ठेवणारा कोड) चिकटलेलं असतं आणि तुमचं धडधाकट पान फक्त तिथून येणाऱ्यांनाच सापडत नाही.