गच्चीवर उन्हात रिफ टँक ठेवताय? या चुका टाळा

मे महिन्यातल्या उन्हाची धास्ती सगळ्यांनाच असते, त्यामुळे त्या दिवसांत प्रत्येक जण काळजी घेतो. माझ्या रिफ टँकचं, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टबाचं, सर्वांत मोठं नुकसान झालं ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. ठाण्याला आमच्या गच्चीवर चारशे लिटरचा एफआरपी (फायबरग्लास) टब आहे. त्यात लेदर कोरल, मशरूम कोरल आणि बटणं, म्हणजे झोअँथिड हे बटणासारखे दिसणारे कोरलचे भाऊबंद. पावसाळ्यात उजेड कमी पडतो म्हणून जूनमध्ये मी वरची शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, काढून ठेवली होती. चार महिने सगळं छान चाललं. मग परतीचा पाऊस सरला, आभाळ स्वच्छ निळं झालं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी वर जाऊन बघतो तर लेदर कोरलच्या माथ्यावर, जिथे ऊन थेट पडत होतं तिथे, चुन्याचं बोट फिरवल्यासारखा पांढरा पट्टा उमटला होता. त्याच्याच घडीखालचा सावलीतला भाग मात्र जसाच्या तसा तपकिरी होता. बटणं घट्ट मिटून बसली होती.

कारण साधं आहे. कोरलच्या पेशींमध्ये सूक्ष्म शेवाळ राहतं आणि बरंचसं अन्न तेच पुरवतं. ढगाळ हवेत मिळेल तेवढा उजेड टिपायला हे शेवाळ आपलं रंगद्रव्य वाढवतं. अशा तयारीत असताना एकाएकी भर उन्हाचा मारा झाला की प्रकाशसंश्लेषणाची क्रिया झेपेनाशी होते, पेशीत घातक ऑक्सिजन साठतो आणि कोरल ते शेवाळच बाहेर टाकतं. पांढरं पडणं म्हणजे हेच. जे कोरल मेमध्ये तेवढंच ऊन सोसत होतं तेच ऑक्टोबरात भाजतं. गच्चीवरच्या टँकची बहुतेक दुखणी अशी अचानक बदलातून येतात.

तेव्हा जाळी सप्टेंबरच्या मध्यालाच, आभाळ भरलेलं असतानाच परत चढवा. चार दिवस उजेड कमी पडला तरी काही बिघडत नाही. पाऊस पुरता गेल्यावर तीन-चार आठवड्यांत हळूहळू एकेक थर कमी करा. नवीन कोरल आणलं तरी हाच नियम, कारण दुकानात ते एलईडीखाली वाढलेलं असतं.

जाळीचं गणित चुकतं

भर दुपारी निरभ्र आभाळाखाली पार, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश, २००० मायक्रोमोलच्या आसपास असतो. सॉफ्ट कोरलला, म्हणजे लेदरसारख्या दगडी सांगाडा नसलेल्या कोरलला, १०० ते २५० पुरतो. म्हणजे आपल्याकडे उजेड त्याच्या आठ ते वीस पट आहे. इथे लोक ५० टक्क्यांच्या दोन जाळ्या लावतात आणि पूर्ण सावली झाली असं धरून चालतात. पण पहिल्या जाळीतून निम्मा उजेड येतो, दुसरीतून त्याच्या निम्मा; अजून ५०० उरतातच. ७५ टक्क्यांचे दोन थर लावले तर साधारण १२५ उरतो.

पार मीटर महाग असतो. तो नसेल तर डोळ्यांना दिसणारा उजेड मोजणारा लक्स मीटर घ्या आणि आकड्याला ५४ ने भागा. उन्हासाठी हा हिशेब बराच जवळ जातो. एलईडीसाठी तो चालत नाही.

नर्सरीवाले हिरवी जाळी देतात. मी काळी किंवा पांढरी घ्या म्हणेन. हिरव्या धाग्यांतून झिरपणारा उजेड हिरव्याकडे झुकतो आणि कोरलमधल्या शेवाळाला सर्वांत कमी उपयोग त्याच रंगाचा असतो. जाळी पाण्याला चिकटून बांधू नका. हातभर वर ठेवा, खालून वारा खेळायला हवा.

सूर्याची जागाही बदलत राहते. मुंबई-ठाण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावली दिवस येतो, तेव्हा ऊन सरळ माथ्यावरून उतरतं. डिसेंबरात दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेकडच्या बाल्कनीत एक गमतीची गोष्ट होते: उन्हाळ्यात वरचा स्लॅब ऊन अडवतो आणि थंडीत ते थेट आत शिरतं. मे महिन्यात जागा बघून टँक मांडलात तर डिसेंबरात फसाल. त्यात काचेचा टँक असेल तर हे तिरकं ऊन बाजूच्या काचेवर पडतं आणि काच आठवड्यात हिरवी होते. उघड्यावर अपारदर्शक टबच बरा, वरून बघायचा.

जकार्तात ली चिन इंग यांनी १९६१ साली आपली पद्धत मांडली: सूर्यप्रकाश, जिवंत खडक (म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म जीवांसकट आणलेला दगड) आणि हवेचे बुडबुडे, बस्स. ती वाचून आजही उत्साह येतो, मात्र जकार्ता विषुववृत्तापासून फक्त सहा अंशांवर आहे. तिथे वर्षभरात सूर्याची उंची आपल्याइतकी बदलत नाही. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलला १९८७ साली सुरू झालेलं प्रवाळ मत्स्यालय मला जास्त जवळचं वाटतं. तेही आभाळाखाली उघडं बांधलेलं, आणि ते शहर दक्षिणेला १९ अंशांवर, म्हणजे आपण उत्तरेला जितके तितकंच. पण २०२१ साली ते बंद होईपर्यंत त्यांच्याकडे पाणी होतं २५ लाख लिटर, आपल्याकडे आहे चारशे. एवढ्या मोठ्या साठ्यात जो बदल जाणवतही नाही, तो आपल्या टबात तासाभरात जीवघेणा ठरतो.

बर्फाच्या बाटल्यांवर भिस्त

एक चौरस मीटर पृष्ठभागावर उन्हाळ्यात दुपारी जवळपास १००० वॅट ऊर्जा पडते. ती सगळी चारशे लिटर पाण्याने शोषली तर तापमान तासाला दोन अंशांनी चढेल. दोन लिटरची गोठवलेली बाटली टाकली तर तेच पाणी जेमतेम अर्ध्या अंशाने उतरतं. दिवसभर बाटल्या टाकत बसलं तर तापमान झोके घेत राहतं, आणि ते कोरलला जास्त जाचतं.

त्यापेक्षा पाण्याची वाफ होऊ द्या. एक लिटर पाणी उडून जाताना चारशे लिटरचा टब सुमारे दीड अंशाने थंड करून जातं. पृष्ठभागावर तिरका पंखा लावला की हे काम होतं. मात्र हा उपाय पुण्यात एप्रिलमध्ये जितका चालतो तितका मुंबईत मेमध्ये चालत नाही. हवाच दमट असेल तर वाफ होणार कशी? किनारपट्टीवर मेपुरता तरी चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, लागतो, आणि तो परवडणार नसेल तर टब गच्चीवर नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी २४ ते २७ अंशांत राहावं. ३० च्या पुढे गेलं की धोका.

टब थेट स्लॅबवर ठेवू नका. मेमध्ये ज्या फरशीवर आपल्याला अनवाणी पाय टेकवत नाही, ती रात्री उशिरापर्यंत तळातून पाणी तापवते. खाली जाड थर्माकोल आणि त्यावर प्लायवूड. आणि हो, वजन: अर्धा मीटर खोल पाणी म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला पाचशे किलोहून जास्त, शिवाय दगड. आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला आणि सोसायटीला विचारा.

पावसाची रात्र

पाऊस किती पडला हे वर्तमानपत्रात मिलीमीटरमध्ये येतं. एक चौरस मीटर तोंडाच्या टबात १०० मिलीमीटर पाऊस म्हणजे बरोबर १०० लिटर गोडं पाणी. एवढं पाणी चारशे लिटरमध्ये मिसळून वरून वाहून गेलं तर खारटपणा (हजार भागांत मिठाचे किती) ३५ वरून २७-२८ वर येतो. कोकणात आणि मुंबईत एका दिवसात एवढा पाऊस ही काही नवलाई नाही.

पण याहून वाईट प्रकार मी एका वळवाच्या रात्री पाहिला. पावसाबरोबर वीज गेली आणि पंप बंद पडले. बॅटरीच्या उजेडात पाण्यात बघितलं तर पृष्ठभागाखाली वितभर खोलीवर बारीक रेघा हलत होत्या, ग्लासात साखर विरघळताना दिसतात तशा. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगत होतं, आणि खारं पाणी खाली तसंच होतं. वरच्या थराचं रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या नळीवर, माप आलं १९, तळाचं ३४. उंच दगडावरची बटणं त्या वरच्या थरात रात्रभर राहिली असती तर सकाळी त्यांचा लगदाच मिळाला असता. हाताने हळूहळू पाणी ढवळलं, बॅटरीवरचा हवेचा पंप लावला, तेव्हा निभावलं. त्या दिवसापासून एक पॉवरहेड, म्हणजे पाणी फिरवणारा छोटा पंप, इन्व्हर्टरवर आहे. वीज गेली की फक्त पावसाचाच धोका असतो असं नाही. रात्री कोरल आणि शेवाळ दोन्ही ऑक्सिजन वापरतात, आणि पाणी थांबलं की मासे पहाटेपर्यंत धापा टाकू लागतात.

टबावर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा उतरता पत्रा घाला, चारही बाजू उघड्या ठेवा. बाजू बंद केल्यात तर आत भट्टी होईल. हा पत्रा अतिनील किरण अडवतो, त्यामुळे पावसाळ्यानंतर तो काढलात तर तोही एक अचानक बदलच. मी तो वर्षभर ठेवतो. जस्ताच्या पत्र्याच्या पागोळ्या मात्र टबात पडता कामा नयेत. त्या पाण्यातून जस्त उतरतं आणि कोळंब्या, गोगलगायी आधी जातात.

खारटपणा पडलाच तर घाईने मीठ ओतू नका. दिवसाला एक-दोन अंकांनीच वर न्या.

उन्हाळ्यात उलटं होतं. दिवसाला आठ मिलीमीटर पाणी उडालं तर आठ लिटर घट होते, पण मीठ आतच राहतं. ही भरपाई आरओ-डीआयच्या, म्हणजे गाळून क्षार काढलेल्या, गोड्या पाण्यानेच करायची, मिठाच्या पाण्याने नव्हे. फ्लोट व्हॉल्व्ह लावा आणि साठ्याच्या ड्रमवर घट्ट झाकण ठेवा. डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ, थांबलेल्या पाण्यात अंडी घालतात.

धूर आणि पाखरं

डासांसाठी धूरफवारणी करणारे आले की आधी गच्चीवर धावा. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माणसाला फारशी जाणवत नाहीत, पण माशांना आणि कोळंब्यांना अगदी थोडीही पुरतात. टब ताडपत्रीने झाका, धूर विरेपर्यंत हवेचा पंप बंद ठेवा, नाहीतर तोच धूर पाण्यात ओढला जातो. नंतर विष शोषून घेणारा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घाला. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळीही हेच. कबुतरं आणि खंड्या यांच्यासाठी जाळी पुरते.

खरेदीआधी

मालवणला ओहोटीच्या वेळी दिसणारा एखादा सुंदर दगड उचलून आणायचा मोह होतो. तो आवरा. २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही त्यात आला. सिंधुदुर्गातलं प्रवाळ आधीच गरम पाण्याने आणि गाळाने गांजलेलं आहे, त्यात आपण भर घालायची नाही. सिरॅमिकचे दगड घ्या, सॉफ्ट कोरलही कागदपत्रं दाखवणाऱ्याकडून किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याच्या टँकमधली फांदी म्हणून घ्या. आणि नको झालं म्हणून काहीही खाडीत सोडू नका.

बटणं हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. ती चिकटलेले दगड उकळत्या पाण्याने धुतले तर वाफेतून ते श्वासात जातं.

दुखणं ओळखताना

फक्त वरची बाजू पांढरी आणि सावलीतली शाबूत असेल तर उजेड जास्त झाला, जाळी वाढवा. सावलीतल्या बुंध्यासकट सगळंच फिकट पडलं तर तापमानाकडे बघा. बटणांच्या माना लांबल्या तर उजेड कमी पडतोय. मशरूम आक्रसून सुपारीएवढे झाले तर जास्त. लेदर कोरल चार-पाच दिवस मिटून राहिलं आणि अंगावर मेणासारखा पापुद्रा आला तर घाबरू नका, ते कात टाकतंय; पाण्याचा प्रवाह थोडा वाढवा. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण, दर आठवड्याला मोजा. भर उन्हात कॅल्शियमचे थर धरणारं शेवाळ जोमाने वाढतं, ती वापरून टाकतं आणि घरातल्या टँकच्या सवयीने घातलेला तिचा डोस पुरत नाही. ती ८ ते ९ डीकेएचवर (हे तिचं माप) स्थिर ठेवा. हिरवं शेवाळ माजलं तर उन्हाला दोष देण्याआधी नायट्रेट, फॉस्फेट आणि गच्चीवरची धूळ बघा.

राहिली एक तक्रार, जी माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा येते: घरात निळ्या एलईडीखाली चमकणारं कोरल गच्चीवर नेल्यावर रंग उडून तपकिरी झालं. बहुतेक वेळा काहीच उडालेलं नसतं. निळ्या दिव्याखाली कोरलमधली प्रथिनं स्वतः चमकतात, आणि उन्हाच्या पांढऱ्या झोतात ती चमक झाकली जाते. दिवेलागणीला, बटणं मिटायच्या आधी, निळी टॉर्च घेऊन वर जा आणि वरून पाण्यात झोत टाका. हिरवा आणि केशरी रंग तसाच पेटलेला दिसला तर काहीही बदलू नका. टॉर्चखालीही सगळं मळकं दिसलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नायट्रेट मोजा.