घड्याळं मागे जाण्याआधी: घरातल्या ओलीची तयारी

कोकणातून इंग्लंडात आलेल्या माणसाच्या अंगात एक सवय मुरलेली असते. बाहेर पावसाळी दिसलं की खिडक्या लावून घ्यायच्या. रत्नागिरीच्या जुलैत ते बरोबरच आहे. बाहेरची हवा आत आली की पापडसुद्धा मऊ पडतात. इथल्या हिवाळ्यात मात्र हिशेब उलटा होतो. बाहेर 5 अंश असताना, रिमझिम चालू असली तरी, एका घनमीटर हवेत जेमतेम 7 ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा आत येऊन 20 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे आपल्याला हवी तशी कोरडी हवा दाराबाहेर उभी असते आणि आपण दार लावून आत कुकरच्या शिट्ट्या घेत बसतो.

पूर्ण घराला हवा पुरवणारं पीआयव्ही (पॉझिटिव्ह इनपुट व्हेंटिलेशन) यंत्र बसवायचं ठरवलं असेल, तर ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं तासभर मागे जाण्याआधी, सप्टेंबरातच तयारी सुरू करा. लॉफ्टमधला, म्हणजे छपराखालच्या माळ्यावरचा, हा पंखा गाळलेली हवा जिन्याच्या वरच्या छतातून हळूहळू घरात ढकलतो आणि कोंदट हवा फटींतून बाहेर पडते. पण आधी ओल कुठली आहे ते ओळखा. पाऊस पडून गेल्यावर एखादा डाग गडद होत असेल, तर पन्हळ, कौलं किंवा भिंतीच्या सांध्यांकडे बघा. जमिनीपासून वर चढलेला क्षारांचा पट्टा दिसला तर ते दुखणं वेगळं. या दोन्हींवर पंख्याचा काही उपयोग नाही, आणि असा पंखा विकणारा माणूस हे आपणहून सांगेलच असं नाही. सकाळी काचेवर पाणी, कपाटामागे काळी बुरशी, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात कुबट वास, ही मात्र घरातल्याच वाफेची लक्षणं. दोन साधे आर्द्रतामापक घ्या, एक झोपायच्या खोलीत आणि एक स्वयंपाकघराजवळ ठेवा, आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहा. खोली 20 अंशांवर आणि आर्द्रता 60 टक्के असेल, तर 12 अंशांच्या भिंतीवर दव धरतंच.

लॉफ्टवर स्वतः चढून बघा, कारण यंत्र हवा तिथूनच घेणार आहे. आमच्या न्हाणीघराच्या पंख्याची नळी आधीच्या कुणा कारागिराने थेट लॉफ्टमध्येच सोडून दिली होती. वर्षानुवर्षं आंघोळीची सगळी वाफ छपराच्या वाशांवर बसत होती. ती नळी बाहेर काढल्याशिवाय यंत्र लावलं असतं, तर तीच वाफ पुन्हा खाली आली असती. पाण्याच्या टाकीला झाकण हवं. पाइपांभोवतीची भोकं बुजवा, लॉफ्टच्या झाकणाला पट्टी लावा. वीजजोडणी नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

मग हवेला बाहेर जायला वाट द्या. खिडक्यांवरच्या छोट्या झडपा उघड्या ठेवा. आपल्या बहुतेक घरांत त्या थंडीच्या भीतीने बंद असतात. आतल्या दारांखाली सुमारे 10 मिलिमीटर फट लागते, त्यामुळे जाड गालिचा घातला असेल तर दार तासून घ्या. न्हाणीघराच्या पंख्याने सेकंदाला 15 लिटर हवा खेचली पाहिजे, चुलीवरच्या हूडने 30. टिश्यू पेपर जाळीला धरून बघा. तो चिकटून राहिला नाही तर पंखा धुवा, नाहीतर बदला. पुरण शिजवताना हूड चालू, दार बंद. कपडे रेडिएटरवर वाळत घालू नका, एका धुण्यातून दोन लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. जुनी गॅसची शेगडी किंवा उघडी धुरांडी असेल, तर आधी गॅस इंजिनियरला दाखवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. इथे घाई नको.

असलेली बुरशी यंत्राआधी पुसून काढा. मास्क आणि हातमोजे घाला, कोरड्या ब्रशने झाडू नका, कारण बीजाणू उडून घरभर पसरतात.

भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या, आणि फोटो व आर्द्रतेची वही त्याला पाठवा. रॉचडेलमध्ये डिसेंबर 2020 मध्ये अवाब इशाक हे दोन वर्षांचं बाळ घरातल्या बुरशीमुळे गेलं. ओल-बुरशीच्या तक्रारीची ठरावीक मुदतीत दखल घ्यायला लावणारा त्याच्या नावाचा कायदा इंग्लंडच्या सामाजिक घरांना, म्हणजे कौन्सिल किंवा हाउसिंग असोसिएशनच्या भाड्याच्या घरांना, ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला आहे. तशा घरात राहत असाल तर तक्रार लेखीच करा, तारीख टाकून. लहान मूल किंवा दम्याचा माणूस घरात असेल तर तेही लिहा.

यंत्र लागलं की पहिल्या थंडीत जिन्यात गार झुळूक जाणवेल. वेग कमी करा, पण बंद करू नका. फिल्टर बदलल्याची तारीख लॉफ्टच्या झाकणावर पेन्सिलीने लिहून ठेवा आणि वहीतले आकडे जानेवारीपर्यंत चालू ठेवा.