राजमाचीला निघताना सायकलच्या पिशवीत काय टाकायचं

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जायचं असेल तर मी एक पंप, एक ट्यूब आणि टायर उचकटायच्या दोन पट्ट्या (लिव्हर) एवढंच घेतो, कारण तिथे काहीही मोडलं तरी ढकलत ढकलत खाली येता येतं आणि खाली आलं की कुणाला तरी फोन करता येतो. पण लोणावळ्याहून राजमाची किल्ला म्हणजे जाऊन येऊन तीसेक किलोमीटर, बराचसा कच्चा रस्ता, मधे सायकलचं दुकान वगैरे विसराच, तिथे पिशवी वेगळी भरावी लागते. माझा हिशोब साधाय, जे मोडलं की सायकल चालतच नाही त्याचं सामान घ्यायचं आणि जे मोडलं तरी कुरकुरत घरी पोचता येतं त्याचं सामान घरीच ठेवायचं. म्हणून पेडलचा पाना, कॅसेटचं टूल असलं काही मी नेत नाही.

सगळ्यात आधी पंक्चर, कारण दहातल्या नऊ वेळा तेच होतं. ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब घ्याच, दगडावर टायरची बाजू फाटली की सीलंट (भोक बुजवायला टायरच्या आत टाकतात ते पातळ द्रव) नुसतं पिचकारीसारखं उडतं, भरत काही नाही. ट्यूब आपल्या चाकाच्या मापाची आहे ना बघा, २९ च्या सायकलला २६ ची घेऊन आलेला माणूस मी पाहिलाय. सोबत प्लग (ट्यूबलेस टायरच्या भोकात खुपसायची चिकट पट्टी), पॅच आणि सोल्युशन, आणि ते सोल्युशन एकदा फोडलेलं असेल तर निघायच्या आधी दाबून बघा, झाकण गच्च लावलं तरी आत वाळून खडखडीत होतं. सीलंटचंही तेच, आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत सुकतं, चाक हलवून आत डुचमळल्याचा आवाज येतो का ऐका.

नवीन ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून रुमाल फिरवा. बाभळीचा काटा बाहेरून मोडतो आणि टोक आत राहतं, डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागला तर रक्तच काढतो, पण रुमाल बरोब्बर तिथे अडकतो. ते टोक उपटायला एक छोटा चिमटा ठेवा. हे न करता ट्यूब बदलली तर शंभर मीटरवर परत बसायचंय.

पंप की सीओटू गॅसचं काडतूस? माझं मत पंप. काडतूस म्हणजे एकच संधी, नोझल नीट बसलं नाही की फुस्स. पंपाला दोनशे-अडीचशे वेळा हात मारावा लागतो, घाम निघतो, पण तो संपत नाही. पितळेचा छोटा प्रेस्टा अडॅप्टर मात्र विसरू नका, पाच ग्रॅमसुद्धा नसेल, परतीला हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरायची तर त्याची नळी मोटरसायकलच्या व्हॉल्व्हची असते, आपल्या बारीक व्हॉल्व्हवर बसत नाही. आणि त्याला आधीच सांगा दादा पंचवीस-तीसच भरा, नाहीतर तो सवयीने ठणठणीत करतो.

मल्टीटूल घेताना किती पाने आहेत ते मोजू नका, ४, ५, ६ च्या एलन की, डिस्क ब्रेकच्या स्क्रूसाठी टी२५ (चांदणीसारख्या टोकाचा पाना) आणि चेन तोडायचा चेनब्रेकर एवढं हवंच, बाकी शोभा. चेनब्रेकर असून क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची सुटी कडी) नाही असं बऱ्याच जणांचं असतं. लिंक आपल्या गिअरची हवी, १२ स्पीडच्या चेनला १० ची चालत नाही. दोन घ्या, एक गवतात पडते. पडतेच.

आता हँगर, म्हणजे गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्यावर अडकवलेला असतो तो छोटा तुकडा, जो कुणीच घेत नाही, मीही घेत नव्हतो. उधेवाडीच्या अलीकडे डिरेलर दगडावर आपटला, हँगर वाकून सगळं आऱ्यांत जायच्या बेतात, मग चेन तोडून आखूड केली, मधल्या दातऱ्यावर टाकली आणि एका गिअरवर निघालो. सपाटीला चालली, पण चढाला जोर लावला की चेन कटकन उडायची, शेवटी निम्मी वाट हातात धरून. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, शेजारच्याचा बसेलच असं नाही. नवीन सायकल असेल तर बघा, स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये काढलेला यूडीएच (सगळ्यांना एकच बसणारा हँगर) बऱ्याच कंपन्या वापरतात, मग शोधाशोध कमी.

किरकोळीत चार झिपटाय, पंपाच्या दांड्यावर गुंडाळलेली डक्ट टेप, टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा (तो नसेल तर चिप्सच्या पाकिटाची घडी घालून लावा, चालतं). पावसाळ्यात ब्रेक पॅडचा एक जोड जास्तीचा, लाल चिखलात पॅड खडूसारखे झिजतात. चाक काढलंत तर ब्रेक दाबू नका, पुठ्ठ्याचा तुकडा मधे सरकवा, नाहीतर पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत जात नाही.

आणि ट्यूब मोकळी टाकू नका. मल्टीटूलला घासून घासून तिला पिशवीतच भोक पडतं, हे मला नवी ट्यूब बसवून, अडीचशे हात मारून झाल्यावर कळलं. आता ती जुन्या मोज्यात घालून ठेवतो, आणि चेनला हात लावायचा झाला तर तोच मोजा हातात चढवतो.