सिलिकॉनवर अणूंच्या तारा बनवताय? या चुका टाळा

इंदूरला पीएचडीचे माझे पहिले चार महिने एका चिमट्याने खाल्ले. इंडियमच्या तारा करायच्या होत्या, म्हणजे सिलिकॉन (१११) च्या, म्हणजे एका ठरावीक दिशेने कापलेल्या सिलिकॉनच्या, स्वच्छ सरफेसवर व्हॅक्यूममध्ये साधारण ४०० डिग्रीला इंडियमचा एकच थर टाकला की अणू आपले आपणच रांगा धरतात, ४×१ म्हणतात त्याला, म्हणजे मांडणी एका दिशेला दर चार घरांनी परत येते आणि दुसऱ्या दिशेला दर घरी. पण माझ्या सरफेसवर बघावं तर खड्डेच खड्डे. १२०० डिग्रीपर्यंत फ्लॅश केलं, म्हणजे थोडाच वेळ झटकन तापवलं, प्रेशर सांभाळलं, परत केलं, तेच. शेवटी सीनियर दादा म्हणाला, "भिया, स्टीलचा चिमटा लावतोस का रे?" लावत होतो की! स्टीलमधलं निकेल वेफरला (सिलिकॉनच्या चकतीला) लागतं, गरम केलं की आत शिरतं आणि थंड होताना परत वर येऊन बसतं, मग कितीही फ्लॅश करा, हटत नाही. सिरॅमिकचा चिमटा घ्या आणि वेफर नवीन, जुन्याचा मोह सोडा.

एसटीएममध्ये (बारीक टोकातून करंट मोजून अणू दाखवणारा मायक्रोस्कोप) उजळ दिसलं म्हणजे तिथे अणू उंच आहे असं नसतं, करंट इलेक्ट्रॉनच्या स्टेट्सवर, म्हणजे त्यांना तिथे कोणत्या एनर्जीला किती जागा आहे त्यावर, पण चालतो. बायस (टोक आणि सॅम्पलमधला व्होल्टेज) उलटा करा, चित्र बदलतं. दोन्ही पोलॅरिटीत इमेज घ्या, मगच बोला.

आता खरी घाई होते ती थंड करताना. साधारण १२५ केल्विनच्या आसपास ४×१ चं ८×२ होतं, म्हणजे मांडणी दोन्ही दिशांना दुप्पट अंतराने परत येते, मेटॅलिक तारा इन्सुलेटर होतात, सगळ्यांना हेच बघायचं असतं म्हणून रेझिस्टन्स वाढला रे वाढला की "ट्रान्झिशन मिळालं" करून गाईडला फोन. मी पण केला होता, अजून लाज वाटते. अहो, कमी डोपिंगचं (कमी भेसळ अणू घातलेलं) सिलिकॉन जास्त थंड झालं की त्याचेच कॅरियर, म्हणजे करंट वाहणारे चार्ज, गोठतात, तारांचा काही संबंध नसतो. आधी लीडमध्ये (LEED, सरफेसवर इलेक्ट्रॉन मारून मांडणीचा ठिपक्यांचा नमुना बघतात ते) दुप्पट अंतराच्या, ×२ च्या रेषा आल्या का ते बघा. आणि चेंबरमधला उरलासुरला गॅस सरफेसला चिकटला की ट्रान्झिशनचं तापमानही सरकतं, त्यामुळे सकाळी बनवलेलं सॅम्पल पोहे-जिलेबी खाऊन, गप्पा मारून दुपारी मोजू नका.

फोटोएमिशन (प्रकाश टाकून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजणं) करणार असाल तर सपाट वेफरवर तारा तीन दिशांना वाढतात, १२० डिग्रीच्या फरकाने, आणि बीम तिन्ही एकत्र मोजतो, मग बँड (इलेक्ट्रॉनच्या एनर्जीचा पट्टा) तारेच्या दिशेचा की आडवा, काही कळत नाही. किंचित तिरका कापलेला वेफर मागवा म्हणजे पायऱ्यांच्या कडेने एकाच दिशेत रांगा लागतात. ऑर्डरमध्ये अँगलसोबत दिशाही लिहा, मी नुसता अँगल लिहिला होता.