आधी दोन्ही वह्या शेजारी ठेवा

मुलगी सातवीत गेली, गणितात गुण घसरले आणि आम्ही घाईघाईने शिकवणी लावली. आठवड्यातून पाच दिवस. तीन महिन्यांनी गुण होते तिथेच, आणि पोर रोज रात्री वहीवर डोकं टेकवून झोपलेली. एका रात्री तिला अंथरुणावर नेऊन निजवलं आणि तिची शाळेची वही आणि शिकवणीची वही शेजारी शेजारी उघडून बसले. शाळेत गुणोत्तर चाललं होतं, शिकवणीत बीजगणित. दोन्हीकडे चूक मात्र एकच, पानापानावर: १/२ + १/३ = २/५. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. छेद सारखे करून घ्यायचे असतात, त्यासाठी लसावि काढायचा असतो, हे तिच्या डोक्यात कधी बसलंच नव्हतं. अडचण दोन वर्षं मागे राहिली होती आणि आम्ही तिला पुढच्या धड्यांकडे पळवत होतो.

म्हणून शिकवणी लावायच्या आधी हे करा. एका बैठकीत मुलाच्या चुका वाचून काढा. गुण बघू नका, चुका बघा. चूक घाईची आहे, की न समजल्याची? घाईची असेल तर शिकवणीने ती जात नाही, झोप आणि सवड मिळाली तर कमी होते. न समजल्याची असेल तर नेमकं काय समजलेलं नाही ते एका ओळीत लिहा. ती ओळ तुम्हाला लिहिता येत नसेल, तर शाळेतल्या बाईंना भेटून विचारा.

मग ती ओळ घेऊन शिकवणाऱ्यांकडे जा. मी तीन गोष्टी मागितल्या: आधी अपूर्णांक पक्के करा, वेगळा गृहपाठ देऊ नका, आणि पाचऐवजी दोनच दिवस बोलवा. पहिल्या सरांना ते जमण्यासारखं नव्हतं, त्यांच्याकडे सगळी मुलं एकाच धड्यावर असायची. आम्ही दुसरीकडे गेलो. शिकवणी कधी थांबवायची तेही पहिल्याच दिवशी ठरवून टाका. आमचं ठरलं होतं की कुणाची मदत न घेता दहापैकी नऊ गणितं सलग दोन आठवडे बरोबर आली की बंद. शेवट ठरलेला नसेल तर शिकवणी वर्षानुवर्षं चालूच राहते आणि मुलाला वाटायला लागतं की आपल्याला एकट्याला काही येतच नाही. मला सगळ्यात भीती वाटते ती याची.

आता तासांचा हिशेब, पाच दिवसांची शिकवणी चालू होती तेव्हाचा. आठवड्याचे तास १६८. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. दहा धरले तर ७० गेले. जाण्या-येण्यासकट शाळेचे ४०. आंघोळ, जेवण, आवराआवर रोज तीन तास, म्हणजे २१. शिकवणीचे १०, शाळेच्या गृहपाठाचे ९, शिकवणीच्या गृहपाठाचे ७. उरले ११. कागदावर अकरा तास बरे दिसतात. पण मी तिचा एक आठवडा घड्याळ लावून लिहून काढला, तेव्हा ते अकरा तास इकडे वीस मिनिटं, तिकडे पंधरा, असे विखुरलेले निघाले.

माझी मुलगी जलरंगात चित्रं काढते. कागद चिकटपट्टीने फळीवर चिकटवायचा, पहिला पातळ थर द्यायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, मगच दुसरा. ओल्यावर घाई केली की रंग एकमेकांत उतरून सगळं मातकट होतं. हे वीस मिनिटांत होत नाही. तीन महिने तिने ब्रश हातात धरला नव्हता, आणि मी समजत होते की तिची आवडच गेली. छंदाला आठवड्यातून दोन-अडीच तासांचा एक सलग तुकडा द्या. वेळापत्रकात तो सगळ्यात आधी लिहा. परीक्षेच्या दिवसांत तो निम्मा करा, पण पुसू नका. नातेवाईक नावं ठेवतील. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात विश्रांती, खेळ आणि कलेचा हक्क लिहिलेला आहे, कलम ३१. मी तो वाद घालण्यासाठी नाही, स्वतःला धीर यावा म्हणून वाचते.

अभ्यासाचा वेळ कमी कसा करायचा? जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांतच सर्वांत झपाट्याने विसरतं, आणि उजळणी वेगवेगळ्या दिवसांत वाटली की कमी कष्टात लक्षात राहतं. म्हणून रविवारचा तासभर सोडून आम्ही तीन दिवस वीस-वीस मिनिटं घेतो. पुस्तक मिटून. ती सांगते, मी ऐकते, आणि अडली तरच पुस्तक उघडायचं.

शनिवार दुपार आता चित्रांची. पहिला थर वाळेपर्यंत ती नुसती बसलेली दिसते, आणि त्या वेळात एखादं गणित पुढे सरकवायचा मोह होतो. सरकवू नका. पुढचा रंग कुठे द्यायचा आणि पांढरा कागद कुठे तसाच ठेवायचा, हे ती तेव्हाच ठरवत असते.