जुन्या पेठेत संध्याकाळी माणसं थांबावीत म्हणून काय करायचं

पहिली गोष्ट, कारंजं बसवायला जाऊ नका. पेठेत माणसं येईनात म्हटलं की नगरपालिकेला आधी कारंजं सुचतं, मग पेव्हर, मग कमान, आणि थोड्याच दिवसांत त्या कारंज्यात रिकाम्या बाटल्या तरंगायला लागतात. बेळगावचा खडे बाजार असो नाहीतर निपाणी, संकेश्वर, खानापूरची पेठ, माणूस येत नाही असं नाही, येतो, पण गाडीवरनं येतो, सामान घेतो आणि सुटतो, कारण बूड टेकायला कुठं जागाच नाही. काम एवढंच आहे, आलेला माणूस अर्धा तास जास्त थांबला पाहिजे.

सुरुवात वही घेऊन करा. संध्याकाळी 6 ते 9 एका खुटावर, म्हणजे चौकाच्या कोपऱ्यावर, बसायचं आणि नुसतं बघायचं, कोण कुठं थांबतंय, बायका कुठल्या बाजूनं चालतात, म्हातारी माणसं कुठल्या दुकानाच्या पायरीवर बसतात, अंधार कुठं आहे, गाड्या कुठं अडतात. असं दोन-तीन वेगवेगळ्या वारांना करा, बाजारच्या दिवशी एकदा नक्की. मग शंभरेक मीटरचा एकच पट्टा निवडा, अख्खी पेठ एकदम सुधारायला जाणारे मीटिंगच घेत बसतात.

माणसं निघतील का ही शंका असेल तर गणपती आठवा. बेळगावात लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेनं 1905 ला झेंडा चौकात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हापासून ते अकरा दिवस अख्खं शहर रस्त्यावर पायी असतं, आणि शिवजयंतीच्या चित्ररथांना तर पहाटेपर्यंत लोक उभे असतात. म्हणजे माणसं आहेत, हौस आहे, मांडववाला, लाईटवाला, परवानगीचे कागद पळवणारी पोरंपण आहेत. नवीन संस्था काढू नका, गल्लीतल्या मंडळालाच धरा आणि म्हणा, वर्षाला अकरा दिवस करता ते महिन्याला एक संध्याकाळ करूया.

आता सगळ्यात अवघड काम, दुकानदार. त्यांच्याकडं पत्र घेऊन जायचं नाही, एकेकाच्या गल्ल्यापाशी उभं राहून बोलायचं. सगळ्यांचं एकच म्हणणं असतं, "गाडी लावायला जागा नसली तर गिऱ्हाईक येणार कुठनं?" भीती खोटी नाही, म्हणून वाद घालू नका, दाखवा. पुण्यात 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रोडचा एक भाग गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन करतात, तसं आपणही एकच संध्याकाळ गाड्या बंद ठेवून बघू म्हणायचं, जवळच्या शाळेच्या मैदानावर पार्किंग मागून घ्यायचं, आणि माल उतरवायची वेळ आधीच ठरवून द्यायची. दुसऱ्या दिवशी गल्ला किती झाला हे त्यांनाच विचारा. कमी झाला म्हणाले तर वेळ नाहीतर वार बदलून परत करून बघा.

फेरीवाल्यांना मात्र हलवू नका, भेळ, कणसं, गजरे यांच्यापाशीच तर माणूस थांबतो. फेरीवाल्यांसाठीच्या 2014 च्या केंद्राच्या कायद्याप्रमाणं टाउन व्हेंडिंग कमिटीत, म्हणजे शहरातल्या फेरीवाल्यांचं बघणाऱ्या समितीत, किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे लागतात, तेव्हा त्या मंडळींना पहिल्या मीटिंगलाच बोलवा. त्यांना रस्ता तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतो.

बसायला महागडी बाकं नकोत, मंडळाच्या खुर्च्या आणि दुकानांच्या पायऱ्या चालतात. पण स्वच्छतागृह पाहिजेच पाहिजे. त्याच्याशिवाय बायका तासाभराच्या वर थांबत नाहीत आणि बायका निघाल्या की पोरं निघतात, पोरं निघाली की पेठ परत मोकळी. पालिकेचं बंद असेल तर एखाद्या मंगल कार्यालयाचं किंवा हॉटेलचं उघडून मागा, बाहेर ठळक पाटी लावा, पाणी आहे का ते आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा.

कार्यक्रम साधे ठेवा. भजनी मंडळ, शाळेच्या पोरांचं नाटुकलं, अभिवाचन. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगावला साहित्य संमेलनं होतात, तिथल्या कवींना पेठेत बोलवायला फार खर्च नाही. आणि मराठीबरोबर कन्नडपण ठेवा. बाजारात दोन्ही बोलणारी गिऱ्हाईकं आहेत, दुकानाच्या पाट्यांवरनं होणारी तणातणी इथं आणायची नाही, फलक दोन्ही भाषेत लावायचा. एक संध्याकाळ गाण्याची तर नक्कीच करा, कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीत 1924 ला कन्नड घरात जन्मले आणि मराठी माणसानं त्यांना आपलं म्हणून ऐकलं, त्या नावाखाली दोन्हीकडचे गाणारे येतात. डीजे नको. आपल्याला माणसं बोलायला हवीत.

परवानग्यांचं थोडक्यात: रस्ता बंद करायला पालिका आणि ट्रॅफिक पोलीस, स्पीकरला पोलीस ठाणं, तात्पुरत्या विजेला आपली वीज कंपनी हेस्कॉम. अर्ज आधीच टाका, पोच घ्या. रात्री 10 नंतर लाउडस्पीकर नाही, म्हणून साडेनऊलाच शेवटचा कार्यक्रम संपवा, नंतरचा अर्धा तास गप्पांना राहतो आणि खाण्याचा धंदापण तेव्हाच होतो.

सुरुवात दिवाळीनंतर करा. जूनपासून आपल्याकडं जो पाऊस लागतो त्यात मांडव टिकत नाही, ते महिने आत जायचं. बेळगावात 1848 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, दुसऱ्या गावात सरकारी वाचनालय असेल, देवळाचा सभामंडप असेल. ग्रंथालयाचा उपकर घरपट्टीबरोबर आपण भरतोच, त्यामुळं संध्याकाळी दोन तास हॉल मागायला लाजायचं काय कारण?

पैशाचं म्हणाल तर एकाच मोठ्या माणसाकडनं घेऊ नका, नाहीतर पुढच्या महिन्यात त्याच्या वाढदिवसाचा बॅनर स्टेजएवढा लागतो. प्रत्येक दुकानाकडनं थोडे थोडे घ्या, हिशेब दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅप ग्रुपवर पावत्यांच्या फोटोसकट टाका, आणि झाडू मारणाऱ्यांचे पैसे त्याच रात्री हातात द्या.