तुरुंगातली विनोदी मालिका चित्रपट म्हणून करायला घेण्याआधी

पटकथेला हात घालण्याआधी मालिकेचे सगळे भाग पुन्हा पाहा आणि प्रत्येक भागात कैद्याच्या पदरात शेवटी काय पडतं, तेवढंच वहीत लिहा. बीबीसीच्या ‘पॉरिज’ या तुरुंगातल्या मालिकेत (१९७४ ते १९७७) फ्लेचर या मुख्य कैद्याचा अननसाच्या फोडींचा डबा चोरीला जातो आणि तेवढ्यावर अख्खा भाग उभा राहतो. अर्ध्या तासाला हे पुरतं. दीड तासाला पुरत नाही, म्हणून मग घाईने फाटक उघडलं जातं, पात्रं बाहेर पडतात, पळापळ सुरू होते आणि मालिकेचा जीव मात्र कोठडीतच राहतो. बाहेर जायचंच असेल तर कशासाठी, हे आधी पक्कं करा. १९७९च्या ‘पॉरिज’ चित्रपटात डिक क्लेमंट आणि इयन ला फ्रेने या मूळ लेखकांनीच ते नेमकं पकडलं. फुटबॉलच्या सामन्याआडून दुसराच कैदी पळतो, फ्लेचर आणि त्याच्या कोठडीतला तरुण सोबती गॉडबर इच्छा नसताना त्याच्यासोबत बाहेर ओढले जातात, आणि मग दोघांची सगळी धडपड कुणाला कळायच्या आत परत तुरुंगात शिरण्याची! भिंत तीच, फक्त ओलांडायची दिशा उलटी. माझ्या मते या प्रकारात याहून चांगली युक्ती सापडणं कठीण.

कथा मालिकेच्या कोणत्या टप्प्यावर घडते तेही ठरवा. शेवटच्या भागात कुणी सुटलेलं असेल, तर त्याआधीच्या काळात जावं लागेल.

जागेची चौकशी लवकर सुरू करा. ‘पॉरिज’ मालिकेच्या वेळी खऱ्या तुरुंगात चित्रीकरणाची परवानगी मिळाली नव्हती, म्हणून मजल्यांचा सेट लंडनच्या ईलिंग स्टुडिओतल्या पाण्याच्या रिकाम्या टाकीत उभारला होता. चित्रपटाला इंग्लंडमधल्या चेल्म्सफर्डचा खरा तुरुंग मिळाला, कारण १९७८च्या आगीनंतर तो रिकामा होता. खऱ्या भिंती मिळाल्या तर संवाद कमी करा. तिथे दाराचा आवाजच पुष्कळ बोलतो.

मालिका स्टुडिओतल्या प्रेक्षकांसमोर झाली असेल, तर हशासाठी सोडलेल्या जागा संहितेत शोधून काढा आणि नटांना त्या जागा भरून काढत पुन्हा तालीम करू द्या. ही तालीम कधीही टाळू नका.

आणि मूळ नटांच्या तारखा सगळ्यात आधी घ्या. गॉडबर साकारणारा रिचर्ड बेकिन्सेल चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच, मार्च १९७९मध्ये, अवघ्या ३१व्या वर्षी गेला. फ्लेचर-गॉडबर जोडीचं शेवटचं काम या चित्रपटामुळे राहिलं.